चालू चुलींची संख्या

गोजरबाईने मागच्या अंगणातल्या तीन विटांवर वेताची पाटी पालथी घातली, वर चार गोवऱ्या रचल्या आणि हात पदराला पुसत ती घाईघाईने पुढच्या दारात येऊन उभी राहिली. स्कूटी थांबलीच होती.

बिनधुराच्या शेगड्या वाटणाऱ्या एका प्रकल्पात समरा पडताळणीचं काम करायची. सोलापुरातून रोज निघायची आणि चिंचोळीच्या आसपासची गावं पालथी घालायची. मागच्या महिन्यात तिनेच या घरात शेगडी दिली होती, आणि गोजरबाईने हळदकुंकू वाहून, स्वतःच्या हाताने, तीस वर्षांची मातीची चूल मोडली होती. आता एक प्रश्न आणि एक फोटो एवढंच उरलं होतं.

"मावशी, घरात चालू चुली किती?"

हा प्रश्न कुणीतरी पंख्याखाली बसून फॉर्मात घातला होता. गावात तो असा तोंडावर कुणी विचारत नाही. एका घरात दोन चुली म्हणजे भाऊ वेगळे झाले, त्याचा धुराशी काही संबंध नसतो. पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीने समराला याच प्रश्नापायी दारातून हाकललं होतं.

"एकच," गोजरबाई म्हणाली, आणि जरा जास्तच लगेच म्हणाली. "पोरं दोन हायती, पर चूल एक."

"मागचं अंगण बघून घेते."

"तितं काय न्हाय. गोवऱ्या हायत्या."

समरा तरी गेली, तिला जावंच लागायचं. पाटीच्या वेतातून धुराची बारीक रेघ निघत होती. भिंतीपलीकडे, लांब एमआयडीसीची धुराडी आपल्या परीने आभाळ काळं करत होती, पण गोजरबाईची नजर या एवढ्याशा रेघेवरून हलेना.

"आंगुळीचं पानी तापिवतो तितं."

समराने पाटी उचलली. विटांवर तवा होता आणि तव्यात अर्धी भाकरी. गोजरबाई मटकन खाली बसली.

"दोन म्हैनं झालं," ती हळू आवाजात म्हणाली. "थोरल्या अजिनाथनं गाडी लावायच्या जागेवरनं धाकट्याला बोल लावला. उदयसिंगबी कमी न्हाय. दुसऱ्या दिशी धाकटीनं हितं इटा मांडल्या. गावाला अजून ठावं न्हाय, पोरी. मी कळू दिलं न्हाय. रोज सकाळी पाटी झाकती."

गावाला सगळं ठाऊक होतं. पण गोजरबाईपुढे कुणी विषय काढत नव्हतं, एवढी माणुसकी गावात होती.

"एवढं मोजता तरी कशापायी वो?"

"आपल्या देशानं जगाला शब्द दिलाय, मावशी. दोन हजार सत्तरपर्यंत आपण जेवढा धूर सोडू तेवढा जिरवायचा. सगळे देश मिळून असं ठरवतात. बाहेरच्या देशांतली माणसं पैसे देतात, म्हणून इकडं शेगड्या येतात, आणि धूर किती कमी झाला ते मोजून दाखवावं लागतं."

"त्या देशांच्यात भांडणं न्हाईत?"

"खूप आहेत."

"तरी एका जागी बसत्यात?"

"वर्षातून एकदा. आरडाओरडा करतात, पण बसतात."

"माजी दोगं एका ताटाला बसंनात," गोजरबाई म्हणाली. मग तिने मान वर केली. "जुनी चूल घावली तर नेम काय हाय?"

"मोडायची. मोडल्याचा फोटो पाठवायचा. नाहीतर शेगडी परत न्यावी लागते."

गोजरबाईने तिचं मनगट धरलं. हात भाजल्यासारखा गरम होता.

"मग तू सांग तिला. वरनं हुकूम हाय म्हन, एका घरात एकच चूल. माजं आयकत न्हाय ती. चूल मोडली की यील पुन्यांदा माज्या चुलीला. दोगं भाऊ जेवतील एका जागी. येवडं कर, पोरी. पाया पडते तुज्या."

समराला खोटं काहीच बोलावं लागणार नव्हतं, नियम तसाच होता.

ती बोलायच्या आतच मागच्या खोलीचं दार उघडलं. धाकटी सून वैजयंती खोरं घेऊन बाहेर आली.

"आयकलंय मी," ती म्हणाली. तवा तिने बाजूला ठेवला, भाकरी पदरात घेतली. खोऱ्याच्या दोन घावांत विटा ढासळल्या आणि राख तिच्या पायांवर उडाली. "घ्या फोटू."

समराने फोटो काढला. चालू चुलींच्या रकान्यात एक लिहून फॉर्म पुढे पाठवला. पडद्यावर हिरवी खूण आली.

गोजरबाईचा चेहरा एकदम उजळला. दोन महिन्यांचं ओझं उतरल्यागत ती उठली.

"आज समद्यांच्या भाकरी मी टाकते. उदयसिंगाला शेंगाची चटनी कुटते. वैजंता, तू नुसती बसून ऱ्हा."

"नगा टाकू, आत्या."

"का?"

"ते कवाधरनं म्हंत्यात, टेंभुर्णीला खोली बगू, पंपावर काम हाय तितं. मीच आडीवलं. म्हनलं, चूल येगळी मांडू, पर आंगन नगं सोडाया. सासूच्या नदरंसमूर ऱ्हाऊ." तिने खोरं भिंतीला टेकवलं. "चूलच न्हाय म्हनल्यावर आता कशाच्या नावानं आडवू त्यास्नी?"

ती आत गेली. थोड्या वेळाने फळीवरची भांडी एकेक करून पोत्यात पडल्याचा आवाज येऊ लागला.

गोजरबाई विटांपाशी गुडघ्यांवर बसली. तिने एक वीट उचलून राखेत ठेवली, दुसरी तिच्या समोर ठेवली. तिसरी मधोमध फुटली होती. तिचे दोन तुकडे ती एकमेकांवर बसवू लागली, ते सारखे घसरत होते. बादलीतलं पाणी ओंजळीने घेऊन तिने माती कालवली आणि थापायला लागली. बांगड्या चिखलात माखल्या.

"ताई, दोन लिव्हा."

"मावशी, ते गेलं. पाठवलं मी."

"माघारी बोलवा की."

समराने फोनवर बोट दाबून पाहिलं, परत दाबलं. हिरवी खूण हलली नाही.

आत भांड्यांचा आवाज थांबला. पोत्याचं तोंड आवळलं जात असावं. गोजरबाई माती थापायची थांबली, चिखलाच्या हातांनीच उठली आणि दोन महिने जे शेजारणींच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं, ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलली.

"दोन लिव्हा, ताई. आमच्या घरात दोन चुली हायत्या."