उसनी थरथर

मित्रांनो, मी एक जुने कडे आहे. हातात घालायचे नव्हे. अंतराळातल्या लढाईच्या एका व्हिडिओ गेममध्ये पडद्याच्या मधोमध फिरणारे हिरव्या रेषेचे गोल कडे. शत्रूचे यान माझ्यात आले की मी आवळत जाते, लाल होते आणि त्याला चिकटून बसते. खेळणारे म्हणतात, ‘लॉक बसला.’ मग सोडलेला गोळा चुकत नाही.

माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुधा हळहळतात. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे, आणि तो का आला ते मी क्रमाने सांगणार आहे.

माझा जन्म टायरच्या दुकानावरच्या एका कचेरीत झाला. खिडकीशी बसणाऱ्या प्रोग्रामर बाईने मला घडवले. कचेरीत तिला सगळे ताई म्हणत, साहेबसुद्धा. माझ्या आधीच्या खेळांतली कडी फार कडक शिस्तीची होती. कंट्रोलरवरचा अंगठा जरा घसरला, यान कड्याबाहेर गेले, की लॉक तुटला; पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ताईने मलाही आधी तसेच बनवले होते.

एका सुट्टीच्या दिवशी तिने मला घरी नेऊन आपल्या बाबांना दाखवले. बाबा वेल्डर होते. उभ्या आयुष्यात त्यांनी पाण्याच्या टाक्या जोडल्या, आणि एकाही टाकीला गळती लागली नाही, असे ते ज्याला त्याला सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांना कंपवाताचा आजार जडला. शर्टाची बटणे ताई लावून देई आणि ते तेवढा वेळ भिंतीकडे बघत.

त्यांनी कंट्रोलर हातात घेतला. मी आवळले, तुटले. आवळले, तुटले.

“तुझं कडं माझ्यावर रुसलंय बघ,” बाबा म्हणाले.

“रुसलं नाही बाबा. मूर्ख आहे ते.”

होतेच मी मूर्ख. ताईने त्यांच्या अंगठ्याची हालचाल टिपून घेतली आणि त्या रेषा पडद्यावर काढून पाहिल्या. तिच्या लक्षात आले की अंगठा डावीकडे उडतो, उजवीकडे उडतो, पण उडतो एकाच बिंदूभोवती. हात हलतो, नेम हलत नाही. मग तिने मला शिकवले की अंगठ्यामागे धावू नकोस, थरथरीचा मध्य धर. मध्य यानावर असेल तर तिथेच बसून राहा. या गुणाला कचेरीत ‘सैल’ म्हणू लागले. दोरी सैल सोडावी, तसा सैल.

खेळ बाजारात आला आणि माझे दिवस पालटले. संधिवाताने बोटे आखडलेल्या एका शिक्षिकेने लिहिले की तिने पहिल्यांदाच आपल्या मुलाला खेळात हरवले. अपघातात एक हात गेलेला एकजण कंट्रोलर मांडीवर ठेवून खेळू लागला. साहेबांनी माझे मोठे चित्र छापून कचेरीच्या दारात लावले. खाली लिहिले होते, ‘सर्वांसाठी खेळ’. पाहुणे आले की साहेब त्यांना त्या चित्रापाशी उभे करीत.

बाबा रोज संध्याकाळी खेळत. त्यांची तिघांची टोळी होती. एक टॅक्सीवाला, तो स्टँडवर गाडी लावून खाली मान घालून खेळे, बघणाऱ्याला झोपल्यासारखा वाटे, म्हणून त्याचे नाव डुलकी. दुसरा मोबाईल दुरुस्त करणारा, चिमटा. खेळ इंटरनेटवरून चाले; हे दोघे बाबांना कधी भेटले नव्हते. आवाजावरून काका म्हणत. आजाराचे त्यांना ठाऊक नव्हते. बाबांनी सांगितले नव्हते, कारण तिथे ते आजारी नव्हतेच. यानाची मागची तोफ त्यांच्याकडे होती.

“काका, मागून आला! मागून!”

“दिसतोय रे. मी काय झोपलोय? झोपायला डुलकी आहे.”

“ओ काका, गिऱ्हाईक दार वाजवतंय. माझा जीव अर्धा तिकडे आहे.”

“मग अर्ध्या जिवाने मार. कालच्यापेक्षा बरं मारशील.”

त्या वर्षी खेळाची मोठी स्पर्धा भरली आणि ही टोळी एकेक फेरी जिंकत उपांत्य फेरीपर्यंत गेली. बाबांनी ही बातमी शेजाऱ्यांना सांगितली, औषधवाल्याला सांगितली, डॉक्टरांना तर तपासण्याआधीच सांगितली. टाक्या जोडणे सुटल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही होते.

आता माझ्या रागाकडे येते.

कोण्या एका हुशार माणसाने शोधून काढले की अंगठा मुद्दाम थरथरवला की कडे सैल होते आणि लॉक लवकर बसतो. त्याने ते इतरांना शिकवले. बघता बघता धडधाकट अंगठे थंडीत कुडकुडावे तसे थरथरू लागले. मला फरक कळत नव्हता, मला तो शिकवलाच नव्हता. जे सरळ खेळत होते ते चिडले, आणि त्यांचे चिडणे योग्यच होते. ‘हे कडं लबाडांना पोसतं,’ असे ते लिहू लागले. मी लबाडांना पोसत नव्हते. लबाड मला लुटत होते.

साहेबांनी बैठक बोलावली.

“सरळ गोष्ट आहे. थरथर दिसली की खातं बंद.”

“आणि ज्यांचा हात खरोखर थरथरतो ते?” ताईने विचारले.

“असे किती असणार?”

“एकाला मी रोज बटणं लावून देते.”

साहेबांनी कॅलेंडर पुढे ओढले. मग म्हणाले, “वाईट वाटतं, ताई. पण एका माणसासाठी खेळ चालवता येत नाही.”

“साहेब, लबाड फक्त शत्रू दिसला की थरथरतात. खरा हात यानाचा रंग निवडतानाही थरथरतो. एवढंच कड्याला बघायला शिकवायचंय. पंधरवडा द्या मला.”

“स्पर्धा तोंडावर आलीय. पंधरवडा कुठून आणू? आत्ता बंद करू, नंतर बघू.”

मित्रांनो, ‘नंतर बघू’ हे शब्द नीट ऐकून ठेवा. ते म्हणणाऱ्याचे काही अडलेले नसते.

माझ्यावर नवे काम आले. थरथर दिसली की चुगली करायची. ज्याच्यासाठी मला घडवले, त्याच्यावरच मला पहारेकरी नेमले.

उपांत्य फेरीच्या आदल्या संध्याकाळी टोळी सराव करीत होती. मागून यान आले. बाबांनी नेम धरला, मी आवळले, आणि लॉक बसण्याऐवजी पडदा करडा झाला. त्यावर लिहिले होते, ‘लबाडी आढळली. खाते बंद.’ बाबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. कानांवरचे हेडफोन चालू होते. चिमटा हसत होता.

“काका! म्हणजे तुम्ही पण?”

“मी पण काय?”

“अहो, थरथर! छुपे रुस्तम निघालात. मी कुणकुण लागली तशी परवाच सोडली, म्हणून वाचलो. पण मानलं तुम्हाला! पडद्यावर तुमची थरथर इतकी खरी दिसायची, वयाचीच वाटायची; मी तुमचंच रेकॉर्डिंग बघून शिकलो.”

“खरीच आहे रे ती,” बाबा म्हणाले. “आजाराची आहे.”

मग डुलकी म्हणाला, “चिमट्या, आता तरी तोंड बंद ठेव.” ते आधीच बंद होते.

ताईने बाबांच्या वतीने तक्रार लिहिली; कचेरीचे उत्तर आले की आजाराचा डॉक्टरांचा दाखला पाठवा, क्रमाने विचार होईल. ताईने हातापाया पडून बाबांना समजावले. बाबांनी ऐकून घेतले.

“वेल्डिंगला परवाना लागायचा, कारण टाकी फुटली तर माणसं मरतात. खेळायला कसला दाखला? चिमट्याकडे मागितला का कोणी, हात धड असल्याचा?”

दाखला गेला नाही, खाते उघडले नाही. डुलकीने बाबांविना उतरायला नकार दिला आणि टोळी बाद झाली. चिमटा दुसऱ्या टोळीतून बदली म्हणून खेळला आणि अंतिम फेरीत गेला. तिथे त्याच्यासाठी लॉक मीच लावले. त्या दिवशी त्याचा अंगठा दगडासारखा स्थिर होता.

स्पर्धा संपल्यावर ताईने पंधरवडा पुन्हा मागितला. साहेबांकडे तोवर सोपा उपाय तयार होता: पुढच्या आवृत्तीत कडेच नवे, चौकोनी, निळे आणि कडक. सैल गेला. मी आता फक्त बाबांच्या घरच्या जुन्या यंत्रात उरले आहे, आणि तिथून इंटरनेटवर दुसऱ्या कोणाशी खेळता येत नाही.

काही दिवसांनी पत्ता विचारून डुलकी दारात उभा राहिला. सोबत चिमट्याला आणले होते, जवळजवळ दंडाला धरून. डुलकीने आपले यंत्र केबलने बाबांच्या यंत्राला जोडले. चिमटा खाली मान घालून म्हणाला, “काका, माफ करा. मला माहीत नव्हतं.”

बाबांनी त्याला बसायला सांगितले आणि कंट्रोलर त्याच्या हातात दिला.

“दाखव. कसं करायचास?”

“काका, नको ना…”

“दाखव रे. मला बघायचंय.”

चिमट्याने अंगठा थरथरवला. बाबा वाकून बघत राहिले. स्वतःचा हातही त्यांनी कधी इतका निरखला नसेल.

“हुबेहूब,” ते म्हणाले. “आता थांबवू नकोस. असंच जेव. अशीच सही कर. अशीच बटणं लाव. मग सांग, किती फायदा झाला.”

चिमट्याचा अंगठा थांबला. थांबवता येत होता, म्हणून थांबला.

बाबांनी त्याला घालवून दिले नाही. पुढची तोफ दिली. आता तिघे दर आठवड्याला त्या खोलीत बसतात आणि यंत्रच चालवते त्या यानांशी लढतात. बाबांनी त्याला माफ केले असेल. मी केलेले नाही. त्याचा नेम सरळ असतो म्हणून लॉक बसवते, एवढेच.

मित्रांनो, तुम्ही माझी काळजी घ्यावी, असे मी म्हणत नाही. मी रेषांचे कडे आहे, मला धूळ बसत नाही की गंज चढत नाही. पण कोणासाठी तरी बाजूला ठेवलेली सवलत तुमच्या हाती लागली, तर तिला हात लावू नका. तुम्ही ती घेता आणि निघून जाता. नंतर दार बंद होते, आणि ते तुमच्या तोंडावर होत नाही.