मी फक्त उडी मोजली

मित्रांनो, अमेरिकेतल्या टोलिडो शहरातल्या बास्केटबॉल मैदानाच्या कडेला, पाण्याच्या पिंपाशेजारी उभा असलेला जुना लोखंडी खांब म्हणजे मी. माझ्या डोक्याशी लाल-निळ्या पट्ट्या एकावर एक बसवल्या आहेत. खेळाडूने जागेवरून उडी मारायची आणि हात पोचेल तिथली पट्टी बाजूला सारायची, एवढाच माझा कारभार.

पण दिमाख काय होता माझा! कारखान्यातून आलो तेव्हापासून इथल्या व्यावसायिक संघाची निवड माझ्यापासूनच सुरू होई. दांडगे दांडगे गडी माझ्यासमोर येऊन घाम पुसत. प्रशिक्षक हॅस्किन्स माझ्यावर थाप मारून म्हणत, हा खांब कधी खोटं बोलत नाही. मी फुगून जायचो.

त्या वर्षी संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यावर दोघांचा डोळा होता. जमार टिब्स विशीतला. तो उडाला आणि माझी सगळ्यात वरची पट्टी सारून आला. इतका वेळ तो वर होता की मला वाटलं, हा उतरायचं विसरला की काय! दुसरा कॉर्नेल रफिन, तिशी उलटलेला. दुसऱ्या कुठल्याच संघाचं बोलावणं त्याला नव्हतं. ही जागा गेली की त्याचा खेळ संपला. त्याचा हात जेमतेम माझ्या मधल्या पट्टीला लागला.

"म्हातारबा, उडी मारलीस की नुसत्या टाचा उचलल्यास?" जमारने विचारलं. सगळे हसले. मीही मनात हसलो.

मग दोघांना एकमेकांविरुद्ध खेळवलं. कॉर्नेल चेंडू घेऊन भरधाव सुटला, जमार त्याच्या मागे. बास्केटपाशी कॉर्नेल एकाएकी थांबला. एवढा धिप्पाड माणूस, एका पावलात थांबला! जमार घसरत भिंतीपर्यंत गेला. पुढच्या खेपेला कॉर्नेलने चेंडू बास्केटमध्ये टाकण्याचा नुसता आव आणला आणि तो अडवायला जमार हवेत.

"सावकाश उतर, बाळा," कॉर्नेल खालून म्हणाला, "मला घाई नाही." आणि त्याच्या बगलेतून निघून गेला.

नंतर चेंडू बास्केटच्या कडीवर आपटून नाचू लागला. जमार एकदाच उडाला, सगळ्यांपेक्षा उंच, पण जरा आधी. तो खाली येऊन पुन्हा गुडघे वाकवेपर्यंत कॉर्नेल छोट्या छोट्या उड्या मारत राहिला आणि अलगद चेंडू काढून घेऊन गेला. मित्रांनो, मी थक्क झालो. इतकी वर्षं मी खेळाडूंची ताकद मोजत होतो, आणि ताकद ही अशीही असते, याचा मला पत्ताच नव्हता.

हॅस्किन्सनी जागा कॉर्नेलला दिली. त्याने तोंड टॉवेलात लपवलं. जमार पिशवी उचलून दारापर्यंत गेला आणि परत फिरला. मला वाटलं, आता हा भांडणार.

"थांबतोस कसा, ते शिकव मला," तो कॉर्नेलला म्हणाला.

कॉर्नेल बूट काढत होता. त्याने पुन्हा नाड्या बांधल्या.

आता मला गंज चढलाय, पट्ट्याही मोडल्यात. अधूनमधून मला पुसा, तेलाचा हात फिरवा, पण मोडीत घालू नका. कुणी उंच उडालं की मला अजून भरून येतं. फक्त माझ्या एका पट्टीवरून कुणाला घरी पाठवू नका. हात कुठवर पोचला एवढं मी सांगतो. माणूस कुठवर पोचेल, ते मला विचारू नका.