मानाजीरावांचा आलेख-फळा

अंबुबाईंकडून दहावीचं गणित काढून घेण्यात आलं. पण ते झालंच नाही, असं समजू. गणितात असं समजायला कुणाची परवानगी लागत नाही.

तर, कुवेंपुनगरच्या त्या शाळेत मुख्याध्यापक गंगाधरराव मागच्या बाकावर बसले होते. दहावी अंबुबाईंकडे ठेवायची की पडद्यावरच्या व्हिडिओकडे द्यायची, हे आज ठरणार होतं. व्हिडिओला रजा लागत नाही. अंबुबाई मात्र निर्धास्त होत्या. त्यांच्याकडे नवाकोरा आलेख-फळा होता. मेटगळ्ळीच्या कारखान्यातून पेंटर म्हणून निवृत्त झालेल्या त्यांच्या नवऱ्याने, मानाजीरावांनी, तो खास आजच्यासाठी चौकोन आखून रंगवला होता.

अंबुबाईंनी त्यावर दोन रेषा काढल्या. दोन्हींचा चढ दोन.

"चढ सारखा, म्हणून समांतर. बेंगळुरूपर्यंत नेल्या तरी भेटायच्या नाहीत."

गंगाधररावांनी मान डोलावली.

मग उणे अर्धा चढ असलेली तिसरी रेषा. "दोन गुणिले उणे अर्धा, उणे एक. म्हणजे लंब. वर्षिणी, गुण्या लाव बघू."

वर्षिणीने गुण्या लावला. उलटा करून लावला. "मिस, बसत नाही."

गंगाधरराव उठून फळ्यापाशी आले. "बाई, हा काटकोन?"

अंबुबाईंनी चौकोनांवर बोटं टेकवली. आडवी तीन बोटं, उभी दोन. एकही चौकोन चौरस नव्हता.

"नाही, सर."

"मग रेषा लंब नाहीत."

"लंबच आहेत."

"मग चुकलं काय?"

'फळा', एवढं म्हटलं असतं तर दहावी हातची गेली नसती. पण खाली कोपऱ्यात लाल रंगात झोकदार सही होती: मानाजीराव. सगळ्या वर्गाला वाचता येईल एवढी.

"काटकोनाचं मी बघते, सर," त्या ठामपणे म्हणाल्या.

संध्याकाळी चामराजपुरमच्या घरी मानाजीराव दारातच उभे होते. "कसा वाटला फळा? कडेला पट्टी मोकळी राहत होती. चेन्नागिल्ल, अगदी भकास. म्हणून चौकोन जरा आडवे ओढले."

"सर जागेवरून उठून बघायला आले."

"अल्वा? खरं ना? मी म्हटलंच होतं."

चहा झाल्यावर अंबुबाईंनी शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहायला घेतला: 'सबब विनंती की, सदर फळा बदलण्यात येऊ नये. त्याऐवजी शाळेची इमारत, फळा व मुख्याध्यापकांसह, आडव्या दिशेने एक तृतीयांशाने आवळण्यात यावी, जेणेकरून चौकोन चौरस होतील व दहावीचा वर्ग अर्जदारास परत मिळेल.'