ॲटवेल साहेबाच्या आडावरचा दगड

मित्रांनो, माझ्यावर हळदकुंकू दिसतं म्हणून मला हात जोडू नका. मी एक जुना दगड आहे, छावणीतल्या एका आडाचं झाकण.

मला ॲटवेल साहेबाने घडवून घेतलं. पैठणचे ते पैठणकर, तसे इंग्लंडात आडाजवळ राहणारे ते ॲटवेल. त्यांच्या घराण्याचं चिन्ह म्हणजे एक ढाल आणि तिच्यावर पाण्याच्या लाटा. बंगल्यामागचा आड कोरडा पडला, काठ ढासळू लागला, तेव्हा साहेबाने ते चिन्ह माझ्यावर कोरून मला आडाच्या तोंडावर बसवलं. आड राखणं हे आपल्या घराण्याचं काम, असं तो पुंजाराम माळ्याला सांगायचा. मला त्याचा फार अभिमान वाटे.

पोलीस ॲक्शन झाली आणि साहेब विलायतेला गेला. बंगला पुंजारामच्या राखणीत राहिला. एके दिवशी त्याची बायको सारजाबाई माझ्या लाटांवरून बोट फिरवत म्हणाली, "अवं, हे तर नाग हायेत! देवाला असं आडवं पाडून ठिवत्यात व्हय?"

झालं! चार माणसांनी मला उचलून लिंबाखाली उभं केलं. उघड्या आडावर पुंजारामने जुन्या फळ्या टाकल्या.

"दिवाळीनंतर पक्कं झाकण करू," तो म्हणाला.

दिवाळ्या आल्या आणि गेल्या. फळ्यांवर गवत चढलं. मी दुधाने न्हात होतो आणि त्या कुजताना पाहत होतो. मला भीती वाटत होती.

पुढे एका पंचमीला त्यांची लेक आशा देवगाव रंगारीहून माहेरी आली. बाया फेर धरायला लिंबाखाली जमल्या. तेवढ्यात पुंजाराम विळा घेऊन आला.

"गवत लई वाढलंय. फळ्या दिसंनात. जरा कापतो."

"आज विळा लावायचा नाय," सारजाबाई म्हणाली. "नागाला लागंल. पाप घेता व्हय डोक्यावर?"

पुंजाराम थबकला. माझ्याकडे पाहून त्याने हात जोडले आणि विळा परत नेला.

फेर सुरू झाला. बाया येत गेल्या, तसा तो मोठा होत गवताकडे सरकू लागला. मला ओरडायचं होतं. मग फळी मोडल्याचा आवाज आला आणि गाणं थांबलं. फेरात आशा नव्हती.

आता मी पुन्हा आडावर आडवा आहे. मित्रांनो, जे झाकायचं ते वेळेवर झाका, आणि झाकणाला झाकणच राहू द्या. सारजाबाई अजूनही पंचमीला येते. दूध माझ्यावर ओतत नाही. माझ्या कडेच्या फटीतून खाली सोडते.