पाट्यावरचे हमस

मी एक जुना दगडी पाटा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूने तोंड उघडले की तुम्ही लगेच डोळे पुसायला रुमाल काढता. तो खिशातच राहू द्या. मला कुणाची कीव नको. माझी पाठ अजून खरखरीत आहे, माझा वरवंटा अजून जड आहे, आणि ज्या घरातून मला काढायचे ठरले होते, त्याच घरात मी आज ओट्याच्या बाजूला ऐटीत बसलो आहे.

मला नागपूरच्या एका पाथरवटाने घडवले. माझे मालक यशवंतराव रेल्वेत होते आणि त्यांची बदली रायपूरला झाली. सोबत नवी नवरी होती, गोदावरी. यशवंतराव म्हणाले, "रायपुरात काय दगड मिळत नाहीत?" गोदावरी म्हणाली, "मिळत असतील. पण मले हाच पाह्यजे." मग मी गाडीत बाकाखाली ट्रंकेशेजारी बसून आलो. हट्टीपणा आमच्या दोघांचा तेव्हापासूनचा आहे.

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मी सुखाने राबलो. जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा, तीळ, खोबरे, लसूण, काय काय माझ्यावरून गेले! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गोदावरीच्या घरची चटणी आणि तिळाच्या वड्या खायला बायका लांबून यायच्या. पाठ गुळगुळीत झाली की टाकीवाला भैय्यालाल छिन्नी-हातोडी घेऊन यायचा आणि मला टाकी लावून पुन्हा खरखरीत करून द्यायचा. ते ठोके लागायचे खरे. पण त्यानंतर वाटण असे बारीक व्हायचे की मी ते दुखणे विसरायचो.

मग रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले. रस्ते रुंद झाले, रात्रीचे दिवे वाढले. यशवंतराव गेले. मुलगा पराग मंत्रालयात लागला आणि त्याने चौबे कॉलनीत घर घेतले. त्या घरात मिक्सर होता. मला मागच्या अंगणात नळाखाली ठेवले. येणारे-जाणारे माझ्यावर उभे राहून पाय धुवायचे. ज्या पाठीवर देवाच्या नैवेद्याची चटणी वाटली, तिच्यावर चिखलाचे पाय! मी रागाने आतल्या आत धुमसत होतो.

त्याच सुमारास गोदावरीला, म्हणजे आताच्या गोदाबाईंना, मधुमेह निघाला. घाबरली ती घरची माणसे. सून मीनल मनाची चांगली, पण काळजी करायला लागली की तिचा हवालदार व्हायचा. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. गोदाबाईंसाठी वेगळे पातेले आले, त्याला सगळे 'आजीची भाजी' म्हणू लागले. दुधीभोपळा, पडवळ, पुन्हा दुधीभोपळा. आणि हे त्यांना सगळ्यांच्या आधी, एकटीला वाढले जायचे, म्हणजे बाकीच्यांच्या ताटाकडे पाहून त्यांचा जीव जायला नको.

"मी आजारी हाय, वाळीत नाही टाकली मले," गोदाबाई म्हणायच्या. "एकटीनं जेवायले काहून बसवता?"

"आई, तुमच्यासाठीच करून राहिलो न आम्ही," मीनल म्हणायची. आणि ते खरेही होते. तीच तर पंचाईत होती.

नात ज्ञानदा कॉलेजात जायची. आजीचे मराठी तिला सगळे कळायचे, पण उत्तर हिंदीतून यायचे. एकदा तिने कुठल्याशा हॉटेलातून एक डबी आणली. "आजी, चखो ना. हमस है. काबुली चना, तिल, लहसुन, नींबू. बस."

गोदाबाईंनी बोट बुडवले, जिभेवर ठेवले आणि डोळे मिटले. "अगं, हे तर वाटण हाय! एवढ्याशा डबीसाठी पैसे देऊन आली का तू, पोट्टे?"

दुसऱ्या दिवशी चणे शिजले, तीळ भाजले गेले. मिक्सरने आवाज खूप केला, पण मूठभर तीळ भांड्याच्या कडेला जाऊन चिकटले आणि पाते मधल्या मध्ये फिरत राहिले. गोदाबाई उठल्या आणि तडक अंगणात आल्या. त्यांनी राखेने मला घासले, गरम पाण्याने धुतले, आणि इतक्या वर्षांनी वरवंटा माझ्या पाठीवरून सरकला. मित्रांनो, तेव्हा मला जे वाटले ते मी लपवणार नाही. मला रडू आले असते, पण दगडाला ती सोय नाही. तिळाला तेल सुटले, चणे लोण्यासारखे झाले, वरून लिंबू, तिखट आणि तिळाच्या तेलाची धार.

त्या दिवशी गोदाबाई सगळ्यांसोबत पानावर बसल्या. काकडी, गाजर, ज्वारीची भाकरी आणि मधोमध हमसचे एकच भांडे. पराग खाऊन राहिला, ज्ञानदा खाऊन राहिली, आजीही तेच खाऊन राहिली. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, खा, पण दोन-तीन चमचे. चणे म्हणजे हवा नाही, तेवढी भाकरी कमी करा. गोदाबाई म्हणाल्या, "चालेल." मग कधी नाश्त्याला डोशाऐवजी मुगाच्या धिरड्यावर, कधी चार वाजता मुळ्याच्या फोडीसोबत. वेगळे पातेले मात्र मीनलने बंद केले नाही. तेही चालूच राहिले.

आणि साखर वाढली. पुढच्या रिपोर्टात पहिल्यापेक्षा जास्त आली.

मीनलने रिपोर्ट टेबलावर ठेवला. "आई, तुम्ही चोरून गोड खाऊन राहिल्या का?"

"नाही."

"मग हे कुठून आलं? औषध चालू, चालणं चालू, चहा फिका. काहीतरी तर पोटात जाऊन राहिलं न!"

"नातीची शपथ घेते. एक पेढा खाल्ला असन तर."

कुणाचा विश्वास बसला नाही. गोदाबाईंची मान खाली गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली. ठरले असे, की संक्रांतीच्या आधी पुन्हा रक्त तपासायचे. साखर उतरली नाही तर गोदाबाईंनी स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, आणि बीरगावहून कामाला येणाऱ्या शांताबाईने मला घेऊन जायचे. शांताबाई बिचारी "हव दीदी" म्हणत हो म्हणाली, पण माझ्याकडे पाहून तिचा चेहरा उतरला. एवढे वजन टेम्पोत कोण चढवणार?

मला सत्य माहीत होते. रोज माझ्या पाठीवरून जात होते ते. पण पाट्याला तोंड असते तर जगातली निम्मी भांडणे कधीच मिटली असती.

एका दुपारी वाटण झाल्यावर फोन आला आणि गोदाबाई मला न धुताच आत गेल्या. परत आल्या तेव्हा माझ्या अंगावर मुंग्यांची रांग लागली होती. चण्याला सोडून, तिळाला सोडून, सगळ्या मुंग्या एकाच कोपऱ्यात जमल्या होत्या. गोदाबाई खाली बसल्या. त्या कोपऱ्याला बोट लावून त्यांनी चाखले आणि कपाळावर हात मारला.

"मीनल! अवं मीनल, इकडे ये!"

मीनल धावत आली.

"गूळ," गोदाबाई म्हणाल्या. "लिंबू पिळलं की माझा हात गुळाच्या डब्यात जातेच. आंबट मारायले. लहानपणापासून जाते. मले कळलंही नाही व माय! मी चोरी नाही केली, या हातानं केली."

त्या गप्प राहू शकल्या असत्या. मुंग्या झटकल्या असत्या, मला धुतले असते, कुणाला पत्ता लागला नसता. पण त्यांनी स्वतः हाक मारली. म्हणून माझी मान आजही ताठ आहे.

मीनलने वाकून मुंग्या पाहिल्या. मग तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "आई," ती हळूच म्हणाली, "चिंचेच्या आमटीत तर मीपण घालते. तुमच्या त्या वेगळ्या पातेल्यातल्या भाजीतही. चांगला मोठा खडा. तुम्हीच शिकवलं होतं."

दोघी हसता हसता भिंतीला टेकल्या. पण हसू ओसरल्यावर गोदाबाई ताठ उभ्या राहिल्या. "आता सांगून देते. रिपोर्ट काही म्हणो, मी या चुलीपासून हटणार नाही. हात माझा हाय, मीच त्याले वळण लावीन. आणि हा पाटा बीरगावले जाणार नाही."

मीनलने गुळाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. वेगळे पातेले मात्र तिने शांताबाईला देऊन टाकले. गोदाबाईंचा हात महिनाभर चुकत होता, गुळाच्या डब्याच्या जागी हवेत जाऊन रिकामा परत येत होता. संक्रांतीच्या आधीचा रिपोर्ट आला. साखर अगदी आदर्श झाली नव्हती, पण चांगली खाली आली होती. त्याच दिवशी मला अंगणातून उचलून आत ओट्याच्या बाजूला आणले.

मग हळदीकुंकू झाले. तिळगुळाचा एक-एक दाणा रिवाजापुरता हातावर आणि बशीत हमस, गाजर, काकडी. शेजारच्या विजयाबाईंनी नाक मुरडले. "सणाले लसूण? अन् लाडू एकही नाही?"

"बिनलसणाचंही वाटलं हाय," गोदाबाई म्हणाल्या. "पण गोडाचा आग्रह या घरात आता होणार नाही. मले मधुमेह हाय. लपवायचं काय त्यात? लाडू खायले घालून लोक प्रेम करतात न, ते मले नको."

विजयाबाईंनी बशीकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले. शेवटी त्यांनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून मांडीवर ठेवली. "घरी कुणाले सांगितलं नाही अजून," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. सगळीकडे आग्रहाचं खाऊन राहिली मी."

गोदाबाईंनी त्यांच्या बशीत हमस वाढले. दोनच चमचे.

तर मित्रांनो, माझे मागणे ऐका. मला जपून ठेवू नका, कोपऱ्यात शोभेला मांडू नका. मला टाकी लावा आणि वापरा. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांचे ताट वेगळे काढू नका. त्यांना सगळ्यांसोबत पानावर बसवा. मात्र वाटण झाले की एकदा पाट्याच्या कोपऱ्यात बघत जा, मुंग्या आल्या आहेत का ते.