पिवळी चकती

"खोलीत कोळसा पेटवलास तर खिडकी उघडी ठेव हं. धूर दिसतो तरी; खरा मारणारा वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो," शेजारच्या नर्सताईंनी जिन्यात बजावलं होतं. "अहो ताई, कॉलेजात शिकलेय मी हे सगळं," म्हणत मास्तरांच्या सुनेनं ते हसण्यावारी नेलं.

गरीब घरांचं वीजबिल भरायला सरकार मदत देत होतं. पण घेणाऱ्याच्या मीटरवर पिवळी चकती लागे आणि गल्ली त्या घराला 'पिवळे' म्हणे. पिवळ्यांशी सोयरीक नको, त्यांची पोरं अंगणात नकोत!

नवरा कामासाठी परगावी. घरात ती, तान्ही लेक आणि शिवणकाम करणारे सासरे. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

"बाबा, मदतीसाठी अर्ज करू या ना."

"आणि गिऱ्हाईक कापड टाकण्याआधी मीटर बघेल, ते? सूनबाई, जन्मभर लोकांची अब्रू झाकणारे कपडे शिवले मी. माझीच उघडी पाडतेस?"

बिल थकत गेलं. शेवटी वीज तुटली. थंडी हाडात शिरली, तेव्हा मास्तरांनी शेगडी पेटवली. "वास बाहेर गेला तर कळेल लोकांना," म्हणत ते खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबू लागले. चिंध्या निवडून हातात देत होती तीच.

दुपारी ती खाली पाणी आणायला गेली, रांगेत तासभर मोडला. परतली तर घर चिडीचूप. मास्तर मशीनवर डोकं टेकून बसलेले. लेकीला उचललं, तर मान लुळी पडली.

इस्त्री उचलून तिनं काच फोडली, लेकीला छातीशी धरून जिन्यात धावली. "ताई! ताई, धावा हो!"

नर्सताईंनी पोरीला मोकळ्या हवेत नेलं, तोंडानं श्वास दिला. पोर हलेना. सुनेला स्वतःच्या दातांचा कडकडाट ऐकू येत होता. मग एक चिरका, बारीक टाहो फुटला.

शेजाऱ्यांनी मास्तरांना ओढून बाहेर आणलं. डोळे किलकिले करत ते पुटपुटले, "लोकांना... कळलं का?"

"कळलं, बाबा. आणि उद्या अर्जही मीच करणार. म्हणू देत काय म्हणायचं ते."

वाचकहो, कडाक्याच्या थंडीत कुणाची खिडकी घट्ट बंद दिसली, तर आजच जाऊन दार वाजवा. आतून "आमचं छान चाललंय" असं उत्तर आलं, तरी परतू नका. दार उघडायला लावा.