तेरा वेग

“वेग अडवता का?” नाडीवरची बोटं न उचलता वैद्य रेणुकानं विचारलं.

“आमी कशाला अडवू? वेग सुपरवायझरच्या हातात,” नंदा म्हणाली.

शेजारी बसलेल्या स्वप्नाला हसू आलं. “आई, पट्ट्याचा नाय गो. लघवीचा. लागली की जातेस का, दाबून धरतेस, ते विचारतायत.”

आरे-वारेच्या रस्त्यावरचा तो दवाखाना. नंदा लग्नानंतरच्या पहिल्या हंगामापासून आंब्याच्या कारखान्यात हापूस सोलत आली होती. पट्टा सरकत राहायचा. एक बाई हलली की तिचे आंबे शेजारणीच्या अंगावर. म्हणून बायका सकाळी पाणीच प्यायच्या नाहीत. नंदा जेवणाच्या सुट्टीआधी कधी हलली नाही. ‘नंदा म्हंजे कातळ,’ असं सगळ्याजणी म्हणायच्या, आणि तिला ते आवडायचं.

“जळजळ? ताप?”

“वरचेवर. गोळी घ्यायची नि उभं राहायचं.”

“शास्त्रात तेरा वेग सांगितलेत, जे अडवू नयेत. लघवी, शौच, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, रडू...”

“एवढं सगळं सोडलं तर आंबे कोण सोलणार, बाय?”

नंदानं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. “सकाळची आहे. माझ्या सासूच्या वेळी वैद्यांनी लघवीत तेलाचा थेंब सोडलेला. पसरला तर माणूस बरा होतो म्हणे. टाका ना.”

रेणुकानं बाटलीला हात लावला नाही. स्वप्नानं आणलेला तपासणीचा कागद तिनं पुन्हा एकदा वाचला.

“थेंब पसरला तरी मी खोटं सांगणार नाही, नंदाताई. दोन्ही किडन्या आकसल्यात. डायलिसिस लागेल. माझ्या औषधानं ते टळणार नाही.”

“म्हंजे यंदाचा हंगाम...”

रेणुकानं नकारार्थी मान हलवली. स्वप्ना खिडकीबाहेर बघू लागली.

“मशीन लावल्यावर मला लागणारच नाय?” नंदानं विचारलं.

“हळूहळू लघवी कमी होत जाईल. काहींची बंदच होते.”

“मग तर कारखाना मला सोडायचाच नाय!”

कुणी हसलं नाही. नंदा खुर्चीत चुळबुळली. मग लेकीच्या वयाच्या त्या वैद्याकडे बघत तिनं शाळेतल्या पोरीसारखी करंगळी वर केली, आणि रेणुकानं होकारार्थी मान हलवेपर्यंत जागची उठली नाही.